सात दिवसांचा संसार

आठवड्यात दिवस सात असतात, मग त्या शब्दात आठ कुठून आले? एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत बोटं मोजून पाहा. दोन्ही बाजार धरले तर आठ होतात. आपल्या जुन्या माणसांनी मोजताना दोन्ही टोकं धरली असावीत. फारसी बोलणाऱ्यांनी एकच टोक धरलं. त्यांच्या भाषेत 'हफ्त' म्हणजे सात, म्हणून त्यांचा झाला हफ्ता. तोच शब्द मराठीत आला आणि 'हप्ता' झाला. इथे आल्यावर मात्र त्याच्यातले दिवस मागे पडले आणि पैसे पुढे आले. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, आणि ज्याची पावती मिळत नाही तो दादा लोकांचा हप्ता. शब्दांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात गंमत वाटते, पण यात संसाराचं एक खरं दुखणंही आहे. घरातला आठवडा कसा जाणार, हे पैसा कोणत्या वारी येतो आणि कोणत्या वारी द्यावा लागतो, यावर पुष्कळसं अवलंबून असतं.

मी खापरचा. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, गुजरातच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावावरून जातो आणि उत्तरेला सातपुडा दिसतो. आमच्या घरात वारांची जी नावं चालत, ती ऐकली तर इतिहासाचा एक धडा होईल. रविवार हा इतवार. तो मूळचा आदित्यवार, म्हणजे संस्कृत. सोमवार हा पीर. मंगळ आणि बुध तेच, तुमचे-आमचे एकच. गुरुवार ही जुमेरात, म्हणजे जुम्म्याची रात्र. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शुक्रवारची रात्र गुरुवारीच पडते. शुक्रवार हा जुम्मा, अरबीत जमण्याचा दिवस. आणि शनिवार हा सनीचर. संस्कृत, फारसी, अरबी अशा तीन भाषा एका आठवड्यात, एकाच चुलीभोवती. कुणाला त्याचं कधी आश्चर्य वाटलं नाही.

आश्चर्य खरं तर आठवड्याचंच वाटायला हवं. दिवस सूर्य ठरवतो, महिना चंद्र ठरवतो, वर्ष ऋतू ठरवतात. आठवडा आकाशात कुठेच दिसत नाही. तो माणसांनी आपसात केलेला करार आहे. आपल्याकडे तो पहिल्यापासून नव्हताही. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखांत कोणत्या दिवशी मासे मारू नयेत हे कोरलेलं आहे. तिथे पक्षातला चौदावा दिवस, पंधरावा दिवस अशी मोजणी येते, वार येत नाही. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं ठिकाण आहे. तिथला बुधगुप्त राजाच्या काळातला स्तंभलेख इसवी सन ४८४ मधला आहे. आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार, असा त्यात उल्लेख आहे. भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा हा सर्वांत जुना निश्चित उल्लेख मानतात.

वारांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. जुन्या ज्योतिषात ग्रहांना त्यांच्या गतीप्रमाणे ओळीत उभं केलं होतं: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होऱ्या. प्रत्येक होरा एकेका ग्रहाला वाटून दिली आणि पहिल्या होरेचा जो मालक, त्याच्या नावानं दिवस. चोवीस होऱ्या संपल्या की दुसऱ्या दिवशीची पहिली होरा ओळीतले दोन ग्रह सोडून तिसऱ्याला मिळते. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. हा हिशेब पश्चिम आशियात आणि ग्रीक-रोमन जगात घडला आणि ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आला. त्यानंतर आपण त्याला इतकं आपलं केलं, की श्रावणातला सोमवार शंकराचा, मंगळवार मंगळागौरीचा, शुक्रवार जिवतीचा आणि रविवार खंडोबाचा झाला. आमच्याकडे जुमेरातला दर्ग्यावर उदबत्ती लावायला हिंदू बायाही येत. वार परका होता हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

देवाधर्मानं वारांना मान दिला, पण खेड्यातल्या घराला आठवडा शिकवला तो बाजारानं. मराठी राज्यात नवी पेठ वसवायची, तर शेटे-महाजन नेमून आठवड्याचा बाजार भरवला जाई. शेजारपाजारच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी ठेवण्यात शहाणपण होतं. एका गावचा बाजार उठला, की व्यापारी पाल गुंडाळून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी. आमचे अब्बा असेच होते. बांगड्या, मणी, रिबिनी आणि आरसे घेऊन ते खापर, अक्कलकुवा, तळोदा, मोलगी असे बाजार करत. डोंगरातून माणसं पहाटे निघत. येताना चारोळी, मोहाची फुलं, आमचूर, भगर घेऊन येत आणि जाताना मीठ, तेल, मिरची, सुकी मासळी आणि लुगडं घेऊन जात. बांगडी सगळ्यांत शेवटी. मीठ-मिरचीतून चार आणे उरले तरच बाईचा हात अब्बांच्या पुढे येई. म्हणून पावसानं ओढ दिली की सगळ्यांत आधी आमच्या घराला कळे.

आमच्या घराचा चढ-उतार पंचांगात नव्हता, ताटात होता. चांगल्या बाजाराच्या रात्री कालवण असे. दुसऱ्या दिवशी त्याचा उरलेला रस्सा. मग दोन दिवस डाळ. मग डाळ पातळ होत जाई आणि पुढच्या मोठ्या बाजाराच्या आदल्या रात्री भाकरी आणि मिरचीचा ठेचा. अम्मी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण कोणत्या वारी कोणतं ताट असेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात भांडणं झाली तर ती ठेच्याच्या दिवशी होत आणि समेट कालवणाच्या दिवशी. हे केवळ आमचं नव्हे. बाजारावर जगणाऱ्या शेतमजुराचं, कोष्ट्याचं, कासाराचं, शिंप्याचं घर असंच चाले. आठवड्याच्या शेवटी पोट आत जाई आणि बाजाराच्या दिवशी वर येई.

सातपुड्यात या बाजारांचा एक राजा आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात जे बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या म्हणतात. धडगावचा, मोलगीचा भोंगऱ्या मोठा. ढोल येतात, बासऱ्या येतात, आणि गूळ, डाळ्या, खजूर यांची होळीसाठी खरेदी होते. नंतर काठी गावची राजवाडी होळी पेटते, ती पाहायला लांबलांबून लोक येतात. वर्षातल्या बाकीच्या आठवड्यांत जे हाताला लागलं नाही, ते त्या एका आठवड्यात मिळवायचं, अशी ही रीत. कामाला परमुलखात गेलेली माणसंही होळीला घराकडे धाव घेतात. ती का धाव घेतात, याकडे पुढे येऊ.

बाजार हा कमाईचा दिवस झाला. विसाव्याचा दिवस हे वेगळं प्रकरण आहे. महाराष्ट्रात त्याची ओळख फार जुनी आहे आणि ती कोकणानं करून दिली. कोकणातले बेने इस्राएल लोक तेल गाळण्याचा धंदा करत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी ते घाणा चालवत नसत. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. गावातल्या बाकीच्यांना सुट्टीचा वार नव्हता, पण सुट्टी घेणाऱ्याला त्यांनी त्याच्या वारानंच ओळखलं. आमचा जुम्मा तसा सुट्टीचा दिवस नाही. नमाजासाठी सौदा थांबवा आणि नमाज झाली की पुन्हा रोजीच्या शोधात पांगा, अशी आज्ञा आहे. ख्रिस्ती रविवारला राजाज्ञेचं बळ मिळालं ३२१ साली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन यानं त्या दिवशी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला. शेतकऱ्याला मात्र त्यातून वगळलं, कारण पेरणी-कापणी खोळंबता कामा नये. सतराशे वर्षांपूर्वीची ही सवलत लक्षात ठेवा, आपल्याला ती लागणार आहे.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढायचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली सुरू केला. पुढच्या तीस वर्षांत तिथे कामगारांची नवी वस्ती उभी राहिली. गिरणीतलं काम उजाडता सुरू होई आणि मावळता संपे. ठरावीक वाराची सुट्टी नव्हती. सणावाराला किंवा यंत्रं साफ करायला गिरणी बंद राहील तेवढीच उसंत. पगार महिन्याचा आणि तोही उशिरा. म्हणजे खेड्यातल्या घराला बाजारामुळे जो आठवडा होता, तो गिरणीत आल्यावर हरवला. वाण्याची उधारी महिनाभर चढत जाई.

हा हरवलेला आठवडा नारायण मेघाजी लोखंडे यांनी परत मागितला. त्यांचा जन्म १८४८ चा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजातले ते कार्यकर्ते. काही काळ त्यांनी गिरणीत नोकरीही केली होती, त्यामुळे आतलं जिणं त्यांनी पाहिलं होतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेलं 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून लोखंडे चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. काम करताना इजा झाली तर बरा होईपर्यंत मदत. पाच मागण्यांतल्या तीन सरळ वेळेच्या आहेत आणि चौथी पगाराच्या वेळेची. पगार वाढवा, हे त्यात नाही. ज्याच्याकडे ठेच्यापुरतेही पैसे महिनाअखेर उरत नव्हते, त्यानं आधी वेळ मागितला.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आले. रविवारच का, याचं एक कारण साहेबाचा वार हे आहेच. पण घाटावरच्या कामगाराला रविवार जवळचा वाटला तो खंडोबामुळे, असंही सांगतात. एका वाराला दोन देव पावले.

लोखंड्यांविषयी आणखी एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तेव्हा राणीच्या बागेत सलोख्याची सभा भरवण्यात ते पुढे होते. पुढे १८९७ च्या प्लेगात लोकांची सेवा करता करता ९ फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. २००५ साली टपाल खात्यानं त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलं. आज रविवारी सकाळी वर्तमानपत्राची ही पुरवणी सवडीनं चाळणाऱ्या किती जणांना या माणसाचं नाव ठाऊक असेल?

पण रविवार आला म्हणजे तो घरातल्या सगळ्यांना आला असं नाही. गिरणगावात पुष्कळ पुरुष एकटे राहत, बायकापोरं कोकणात नाही तर घाटावर. त्यांची जेवणं खानावळीत. गिरणीचा भोंगा रविवारी वाजत नसे, खानावळवाल्या बाईची चूल मात्र पेटलेलीच. सुट्टी म्हणून जेवणाऱ्याला गोडधोड हवं, म्हणजे तिचं काम दुप्पट. या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तोवर त्यांच्या श्रमाची नोंद घेणारं कुणी नव्हतं. घरोघरीचंही हेच. सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला. घरातल्या बाईचा आठवडा अजून सात दिवसांचाच आहे. वर आता बचतीच्या आणि छोट्या कर्जाच्या गटांमुळे तिला एक नवा वार मिळाला आहे, हप्त्याचा वार. खेड्यात आज एखाद्या बाईला विचारा, मंगळवारी काय असतं? ती देवीचं नाव घेण्याआधी कर्जवसुलीच्या बैठकीचं नाव घेईल.

सुट्टी मिळणं एक, आणि ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळणं दुसरं. हा फरक जगाला समजावला तो रशियानं. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा केला होता, पण त्यांचं कॅलेंडर १८०५ च्या अखेरीस गुंडाळलं गेलं. सोव्हिएत रशियानं १९२९ साली वेगळाच प्रयोग केला. यंत्रं एक दिवसही थांबू नयेत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा रंग दिला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. आकडे पाहिले तर सुट्ट्या वाढल्या होत्या. पण नवरा पिवळ्या गटात, बायको हिरव्या गटात, पोरं शाळेत. सुट्टीच्या दिवशी घरी कुणीच नाही. मग असल्या सुट्टीचं करायचं काय, अशी कामगारांची तक्रार वर्तमानपत्रांपर्यंत गेली. १९३१ साली सहा दिवसांचा आठवडा आणून सुट्टीचा दिवस पुन्हा सामाईक केला, आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा मुकाट्यानं परत आला. एवढ्या बलाढ्य सत्तेला जे जमलं नाही ते हेच, घर एकत्र बसण्याची वेळ मोडून घर टिकवणं.

आता आमच्या भागातल्या, कामाला परमुलखात जाणाऱ्या माणसांकडे येतो. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याकडून आणि डांगातून हजारो कुटुंबं दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात. बारडोली, मढी, चलथान ही नावं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणीच कोयत्यावर. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्यातली साखर घटते. कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून तोडही रोज चालायला हवी. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. वार कोणता, हे विचारायचं कारण पडत नाही.

इथे इतिहासाची गंमत पाहा. गव्हाणीत ऊस टाकणारा, बॉयलरवर उभा असलेला कामगार हा कारखान्याचा कामगार. १८९१ पासून १९४८ पर्यंतच्या कायद्यांनी त्याला आठवड्याची सुट्टी बांधून दिली आणि २०२० च्या कामगार संहितेतही ती आहे. त्याच उसाला शेतात कोयता लावणाऱ्याला ती सुट्टी नाही, कारण तो कुंपणाबाहेरचा, टनावर मजुरी घेणारा. कॉन्स्टंटाइननं शेतीला दिलेली सवलत अशी अजून वसूल होते आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी आठवड्याला, फार तर पंधरवड्याला द्यावी असं लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्याला बाजाराचा दिवस माहीत असला पाहिजे. मजुरी वेळेवर हातात पडली, तर घर बाजारापर्यंत तग धरतं आणि उचल घ्यायची वेळ येत नाही. उशीर झाला की माणूस मुकादमाचं दार गाठतो. हातातला आठवडा सुटला, की माणसाचा आख्खा हंगाम गहाण पडतो.

म्हणून ही माणसं होळीला धावत येतात. सहा महिन्यांत पंचवीसेक रविवार आले आणि गेले, एकही त्यांचा नव्हता. भोंगऱ्याच्या बाजारात नवरा-बायको-पोरं एका रांगेत चालताना दिसतात. पोरीच्या हातात बांगड्या भरल्या जातात आणि पोरगा खजुराची पुडी घट्ट धरून असतो. त्यांच्या हिशेबी साऱ्या हंगामातला आठवडा हा एवढाच.

लोखंडे यांनी मागितला होता तो निव्वळ आळस करायचा दिवस नव्हता. घराला घर म्हणून एकत्र बसता यावं, पोराचं तोंड उजेडी दिसावं, उधारीचा हिशेब शांतपणे करता यावा, सभेला जाता यावं, देवळात किंवा मशिदीत जाता यावं, म्हणून तो दिवस होता. तो मिळायला सहा वर्षं लागली आणि सुट्टीचा दिवस घरी बसून मागून मिळालेला नाही. आज आपल्या दारात रविवारी भाजी, औषध आणि जेवणाचा डबा आणून देणारा पोरगा, सोसायटीचा पहारेकरी, घरकामाची बाई आणि साखरेच्या प्रत्येक चमच्यामागचा कोयता, यांचा आठवडा कोणत्या वारी संपतो हे विचारायला काही खर्च येत नाही. आधी आपल्याच घरात विचारावं. स्वयंपाकघरातून काय उत्तर येतं ते ऐकावं, आणि पुढच्या रविवारी चहा कोण करणार हे आजच ठरवावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)